भिंत कुणी धुतली?

आमच्या मराठीच्या सरांना एसएमएस पाठवला की सर घरी येत. उत्तर द्यायला.

मोबाइल नवे होते तेव्हाची गोष्ट. सगळं कॉलेज अंगठे चालवायला शिकत होतं. सरांच्या गळ्यातही त्यांच्या मुलीने एक फोन बांधला होता. एखादी विद्यार्थिनी सातपूरहून विचारायची, 'सर, उद्या तास आहे का?' संध्याकाळी सर तिच्या दारात. स्कूटर चालूच. तिची आई घाबरून बाहेर यायची, पोरीने काय दिवे लावले म्हणून, आणि सर म्हणायचे, "आहे." की लगेच स्कूटर वळवून परत. चहाला थांबा म्हटलं तरी थांबायचे नाहीत.

मी एकदा वैतागून विचारलं, "सर, दोन अक्षरं टाइप करायला काय होतं तुम्हाला?"

"अहो अर्थशास्त्र," ते म्हणाले, "विचारलं माणसाने. मग उत्तरही माणसाने द्यावं. मध्ये त्या डबीने कशाला तोंड घालायचं?"

"आणि पेट्रोल जळतं त्याचं काय?"

"तो तुमचा विषय."

मी अर्थशास्त्र शिकवत होते म्हणून मी 'अर्थशास्त्र'. सर कुणालाच नावाने हाक मारत नसत. "भूगोल कुठे गेला? मघाशी इथेच होता." "इतिहासाला बरं नाही, त्याचा तास कोण घेतंय?" प्राचार्यांना ते मागे 'प्रस्तावना' म्हणत, कारण त्यांचं कुठलंही भाषण तिच्यापुढे गेलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तोंडावर मात्र "सर, सर" करत. सर काही शूर वगैरे नव्हते. लोक आता त्यांच्याबद्दल बोलताना घालतात तसले हार मी घालणार नाही. माझं त्यांच्याशी रोज भांडण व्हायचं आणि आज ते नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्यांच्या अंगात किडा होता. चहाचा अर्धा कप स्टाफरूमच्या खिडकीत, उरलेला अर्धा ग्रंथालयाच्या काउंटरवर. शिपाई दिवसभर त्यांचे कप गोळा करत फिरायचा. वर्गात ते शेवटच्या बाकामागून शिकवायला सुरुवात करायचे आणि फळ्यापर्यंत पोचेपर्यंत तास संपायचा, त्यामुळे फळा नेहमी कोरा. कादंबरी ते मधून वाचायला घेत. शेवट तर महिनोन्‌महिने वाचत नसत. "शेवट वाचला की आपण न्यायाधीश होतो. तोवर आपण त्यांच्यातलेच असतो," असं काहीतरी म्हणत. मी म्हटलं, "मग तुमच्या परीक्षेत मुलांनी अर्धाच पेपर लिहिला तर चालेल?" तर खूश होऊन म्हणाले, "चालेल की!" आणि खरंच एकाला त्यांनी तसे मार्क दिले होते. त्यावरून विद्यापीठापर्यंत तक्रार गेली.

शनिवारचं कोर्ट हे त्यांचं खरं प्रकरण.

मी कॉलेजात लागले, नव्वदीच्या मध्यात, तेव्हा ते सुरू होऊन थोडाच काळ झाला होता. शनिवारी शेवटच्या तासाला अभ्यासक्रमातल्या कथा-कादंबरीतल्या एका माणसावर खटला. एखादी सासू, एखादा सावकार, भावाची जमीन दाबणारा भाऊ. वर्गातलं कुणीतरी आरोपी होऊन खुर्चीत बसणार, कुणी त्याच्यावर आरोप ठेवणार, बाकीचे पंच. यात नवीन काही नाही, असं पुष्कळ मास्तर करतात. सरांचा नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. ज्याने या शनिवारी आरोप ठेवले, त्यानेच पुढच्या शनिवारी त्या आरोपीची बाजू मांडायची. जीव तोडून मांडायची. ते झाल्याशिवाय निकाल नाही.

मुलं आधी कुरकुर करायची, मग वेडी व्हायची. इतर शाखांची पोरं खिडकीत लोंबकळायची. माझा शनिवारचा तास त्यांच्या शेजारच्या वर्गात असायचा आणि माझ्या मागणी-पुरवठ्याच्या मध्येच पलीकडून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मी दोनदा तक्रार केली. सरांनी दोन्ही वेळा माझी बाजू प्राचार्यांपुढे इतकी छान मांडली की मलाच गप्प बसावं लागलं.

कोर्टात चिवडा असायचा, त्याचीही एक गोष्ट आहे. हरसूलच्या एका मुलाने एकदा गावातल्या एसटीडी बूथवरून स्टाफरूममध्ये फोन केला. "सर, शनिवारी मीच वकील ना?" एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी सर एसटीने हरसूलला. आठवड्याचा बाजार होता. मुलगा आईबरोबर तांदूळ विकायला बसला होता. सर म्हणाले, "हो, तूच," आणि निघाले. त्या बाईने त्यांना हात धरून पोत्यावर बसवलं आणि नागलीची भाकरी पुढ्यात ठेवली. पोरगा कसला वकील झालाय ते सरांनी तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात पंच बसलं का पयले दोघांलाबी जेवाया घालतात. मंग इचारतात."

सर परत आले ते हरखूनच. पुढच्या शनिवारपासून कोर्टात चिवड्याचा पुडा. आधी आरोपी आणि वकील एका कागदात खाणार, मग आरोप. निम्मी पोरं चिवड्यासाठी न्याय मागायला लागली, असं मी त्यांना म्हणत असे.

नाशिकची जी जुनी केस, एका बाईने प्रेम मागितलं, तिचं नाक गेलं, आणि त्या नाकावरून गावाला नाव मिळालं असं सांगतात, ती कोर्टात घ्यायची सरांची फार इच्छा होती. "प्रेम आहे, सूड आहे, आणि घटनास्थळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. अजून काय पाहिजे?" प्राचार्यांनी हात जोडले. म्हणाले, "पंचवटीतून मोर्चा येईल हो." मग ती केस कायमची तहकूब.

सरांच्या बायको बँकेत होत्या. शांत, हसऱ्या. एकदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा मी विचारलं, घरी कसे असतात हे? त्या म्हणाल्या, "घरी तेच. भांडण झालं की हे आधी माझी बाजू मांडतात, माझ्यापेक्षा चांगली. मग म्हणतात, आता तू माझी मांड. भांडायची सोयच नाही ठेवली." आणि वाण देता देता जरा थांबून म्हणाल्या, "कधी कधी माणसाला नुसतं रागावू द्यावं, नाही का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता त्या मुलीचं. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या काळात ते पुष्कळ लोकांनी पुष्कळ ठिकाणी लिहिलं. ती चांदवडकडची. वडिलांचा कांदा, शेतावरच्या चाळीत दर वर्षी भरलेला, घर खाऊनपिऊन सुखी. घराण्यातली कॉलेजला नाशिकात राहायला आलेली पहिली मुलगी. गंगापूर रोडला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची.

आणि तो. त्याचंही नाव लिहीत नाही, पण ते वेगळ्या कारणाने. त्याला आता बायको-मुलं असतील. शहरातला मुलगा, घरचा मोठा व्यवसाय, बोलणं असं की ऐकत राहावं. कोर्टातला सरांचा हुकमाचा एक्का. कुणाचीही बाजू द्या, तो सोडवून आणायचा. शेवटी हात छातीवर ठेवून म्हणायचा, "आणि हे मी प्रेमाने सांगतो आहे." मुलं हे वाक्य कँटीनमध्येसुद्धा वापरायची.

त्या वर्षी अभ्यासक्रमात एक कथा होती. गावातला एक तरुण एका मुलीला मागणी घालतो, ती नाही म्हणते. तर हा देवळाच्या भिंतीवर कोळशाने तिचं नाव आपल्या नावाशेजारी लिहितो. तिचं ठरलेलं लग्न मोडतं. आदल्या शनिवारी आपल्या या वकिलाने त्या तरुणावर आरोप ठेवले होते, ते तसे बेताचेच. बचावाच्या दिवशी मात्र तो पेटला. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा पुस्तकं मिटून पलीकडचं ऐकत होती, आणि मीही. "त्याने खोटं काय लिहिलं? फक्त दोन नावं लिहिली. एकीवर प्रेम होतं, ते त्याने लपवलं नाही. लाज कुणाला वाटायला पाहिजे, लिहिणाऱ्याला की वाचणाऱ्या गावाला?" टाळ्या थांबेनात. सरांनी डोळे पुसले म्हणे. पंचांनी निर्दोष सोडला.

तेव्हा ती उभी राहिली. "सर, एक विचारू? भिंत कुणी धुतली?"

"म्हणजे?"

"गोष्टीत नाहीये. नाव लिहिलं, लग्न मोडलं, तो गाव सोडून गेला. पण नाव भिंतीवर होतं ना? ते कुणी धुतलं?"

"फार चांगला प्रश्न," सर म्हणाले, आणि घंटा झाली. फार चांगला प्रश्न असं म्हणून आम्ही मास्तर लोक जे करतो तेच त्यांनी केलं. ते चिवड्याचा कागद गोळा करत बाहेर पडले.

पुढे गॅदरिंगच्या सुमाराला त्या मुलाने तिला विचारलं आणि ती नाही म्हणाली. हे आम्हाला नंतर कळलं. आधी काय झालं, तर तिच्या फोनवर अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. नाशिकमधून, मुंबईहून, कुठून कुठून. काय बोलायचे ते ती मला सांगू शकली नाही, एकदा नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुणाच्या तरी भावाला कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत उलगडा झाला. तेव्हा सगळी पोरं ज्या वेबसाइटवर पडीक असायची, तिथे तिच्या नावाचं पान होतं. गॅदरिंगमधला तिचा फोटो, खाली फोन नंबर आणि तिच्याच तोंडी घातलेलं घाणेरडं आमंत्रण.

ती माझ्याकडे आली कारण स्टाफरूममध्ये तेव्हा बाई मीच एकटी होते. सर खिडकीशी अर्धा कप ठेवत होते. ती सांगत असतानाच फोन वाजला. सर तीन ढांगांत आले, तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "नमस्कार. मराठी विभाग. बोला."

सरांनी फोन कानाशी आणखी दाबला.

"बोला ना. कुठून बोलताय? कल्याण? अरे वा. घरी कोण कोण असतं? आई आहे का आता जवळ? द्या बरं त्यांना फोन."

फोन कट झाला. पोरगी रडता रडता हसली. त्या दिवसापासून फोन सरांकडे. तासाला, जेवताना, पेपर तपासताना, वाजला की, "नमस्कार, मराठी विभाग." एकाला त्यांनी इतका वेळ धरून ठेवला की तो शेवटी माफी मागायला लागला आणि सर म्हणाले, "माझी कशाला? थांबा, कुणाची मागायची ते सांगतो." मी म्हटलं, फोन बंद का करत नाही एकदाचा? तर तिचे वडील चांदवडहून त्याच नंबरावर फोन करायचे. नंबर बदलायचा तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की शिक्षण बंद. तिला दुसरी कसलीच भीती नव्हती, एवढीच होती. म्हणून वडिलांचा फोन आला की सर स्कूटरवरून वसतिगृहात धावायचे आणि तिला द्यायचे.

कुणी केलं ते सरांनी पान वाचताच ओळखलं. मी शेजारी उभी होते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते मराठी ते बोट ठेवून वाचत होते आणि शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. "आणि हे मी प्रेमाने सांगते आहे." सर उठले. सायबर कॅफेतून बाहेर आले आणि स्कूटर तिथेच विसरून चालत निघाले.

मुलाने नाकारलं नाही. रागाच्या भरात झालं म्हणाला, पान काढूनही टाकलं. पण तोवर ते कुणीकुणी उतरवून घेतलं होतं आणि फोन यायचे ते येतच राहिले. त्याचे वडील कॉलेजात आले. प्राचार्य म्हणाले, माफी मागेल, पोराचं वर्ष वाया नको, मुलीचीही बदनामी नको, विषय संपवू या.

आणि आता सरांनी जे केलं ते फक्त सरच करू शकले असते. त्यांनी सांगितलं की याचा निवाडा शनिवारी कोर्टात होईल. तो आरोपी. ती आरोप ठेवील, आणि नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी तीच त्याची बाजू मांडेल.

मी ओरडलेच. "सर, तुम्हाला वेड लागलंय का?"

"अहो, ऐकून तर घ्या. पोलिसांकडे गेलं तर दोघांची आयुष्यं जातात. दाबून टाकलं तर तिला आतल्या आत जळायचं. तिला त्याची बाजू एकदा कळली की राग उतरेल. राग उतरला की ती सुटली."

"तिला सुटायचंय असं कुणी सांगितलं तुम्हाला? तिला त्याच्या मुस्काटात मारायची असेल!"

"तेही आरोपात घेता येईल," सर म्हणाले. ते गंभीर होते, हेच भयंकर होतं. माझा माणूसपणावरचा विश्वास उडाला तर तो यांच्यासारख्या चांगल्या माणसांमुळे उडेल असं मला तेव्हा वाटलं.

तिला बोलावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्याची बाजू मांडणार नाही."

"बाळ, नियम आहे."

"गोष्टीतल्या माणसांसाठी हाय तो, सर." शहरात आल्यापासून घासूनपुसून बोलणारी ती, एकदम घरचं बोलायला लागली. "गोष्टीतली पोरगी पुस्तक मिटलं की सुटती. मला रस्त्यानं जावं लागतं. ह्या गंगापूर रोडनं. समोरून मानूस येतो, त्यानं वाचलंय का नाय मला कळत नाय. दुकानदार हसला तरी वाटतं, ह्यानं वाचलंय. आन् मी त्याची बाजू मांडू? माझी तर मांडा कुनीतरी आदी. भिंत कुनी धुतली ते इचारलं व्हतं मी. तुमी सांगितलं नाय."

सर पुढे यायला निघाले होते ते तिथेच थांबले. त्यांच्या खिशातला तिचा फोन वाजायला लागला. या वेळी त्यांना तो पटकन काढताच येईना, झब्ब्याच्या खिशात अडकला. निघाला तेव्हा पडद्यावर 'बाबा' होतं.

वडील नाशिकातच होते. चांदवडच्या कुठल्या तरी पोराने ते पान तिथल्या सायबर कॅफेत पाहिलं होतं आणि बातमी त्यांच्या दारात पोचली होती. तासाभरात ते कॉलेजात आले. धोतर-टोपी नाही, साधा पँट-शर्ट, हातात तिची बॅग. वसतिगृहातून भरूनच आणली होती. ते चिडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

"मास्तर, पोरीला न्यायला आलो. शिकली तेवढं लय झालं."

मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती, बॅगेकडे बघत होती. सर म्हणाले, "उद्या शनिवार आहे. उद्या एवढं थांबा. मग तुम्ही म्हणाल ते." का कोण जाणे, ते थांबले. पंचवटीत त्यांचे कुणी नातेवाईक होते, तिला घेऊन तिकडे मुक्कामाला गेले.

शनिवारी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मी माझा तास सोडून दिला होता. सगळ्यांना माहीत होतं की तो मुलगा खुर्चीत बसणार. तो आलाच नाही. सर आले, चिवड्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि स्वतः आरोपीच्या खुर्चीत बसले. वडील शेवटच्या बाकावर, बॅग पायांशी घेऊन.

"आरोप ठेव," सर तिला म्हणाले. "माझ्यावर."

तिने चिवड्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आधी इतकं हळू बोलली की मागून कुणीतरी "मोठ्याने!" म्हणालं. मग तिने आवाज चढवला. "सरांनी आम्हाला शिकवलं की प्रत्येकाची एक बाजू असते. मला ते फार आवडायचं. पण सरांना ज्याची बाजू छान मांडता येते तोच जास्त माणूस वाटतो. भिंतीवर लिहिणाऱ्यासाठी सर रडले. जिचं नाव लिहिलं तिच्यासाठी कुणी नाही रडलं, कारण तिचा वकील नव्हता. तिला गोष्टीत एक वाक्यसुद्धा नव्हतं. आमच्यातल्या एकाने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, आपल्यालाही टाळ्या मिळतील. मग माझं नाव लिहिलं गेलं, आणि सर मलाच म्हणाले, त्याची बाजू मांड. माझा आरोप एवढाच आहे की सरांना न्याय नको असतो, सरांना समेट पाहिजे असतो. तो लवकर होतो आणि छान दिसतो."

कुणी टाळी वाजवली नाही. सरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "कबूल," ते म्हणाले. "सगळं कबूल."

एका मुलाला ताण सहन झाला नाही. तो म्हणाला, "सर, मग पुढच्या शनिवारी हिने तुमची बाजू मांडायची." दोघं-तिघं हसले.

"नाही," सर उठत म्हणाले. "ज्याच्यावर बेतलं त्यानेही आरोपीची बाजू मांडायची हा नियम माझा होता, तो चूक होता. तो आजपासून रद्द. बाळ, तू आरोप ठेवलास, तुझं काम झालं. जा तू घरी."

"घरी कशाला?" ती म्हणाली. "सोमवारी तास आहे ना तुमचा?"

हे ती सरांना म्हणाली, पण बघत होती वडिलांकडे. वडील मान खाली घालून बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. मग उठले आणि सरांना म्हणाले, "मास्तर, पोलिसात जायचं तर कुठं जावं लागंल?"

आम्ही चौघं गेलो. हवालदाराने विचारलं, मुद्देमाल काय? सरांनी फोन टेबलावर ठेवला. जरा वेळाने तो वाजला. हवालदाराने उचलला, ऐकलं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाव सांग तुझं," तो म्हणाला, आणि पुढचा जबाब अगदी नीट लिहून घेतला. आरोपी म्हणून आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचं नाव सरांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि सही केली.

त्याची किंमत त्यांनी दिली. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे येणार होतं ते आलं नाही, संस्थेच्या कार्यक्रमांना बोलावणं बंद झालं. खटला रखडत राहिला. मुलाने पुढे माफीनामा लिहून दिला, तो हिने घेतला नाही, एवढं मला माहीत आहे. शनिवारचं कोर्ट सरांनी बंद केलं. चिवडा मात्र चालू राहिला.

सरांचा किडा काही गेला नाही, त्याने दुसरी वाट धरली. त्यांनी हट्टाने इंटरनेट शिकून घेतलं. सायबर कॅफेत पोरांच्या मध्ये बसून त्या पानाच्या नकला शोधायचे आणि त्या परदेशी कंपनीला शुद्ध मराठीत पत्रं धाडायचे, 'सप्रेम नमस्कार, आपल्या घरी एका मुलीचा फोटो तिच्या परवानगीविना राहिला आहे.' कुणीतरी नंतर त्यांना इंग्रजी करून दिलं. आणि कॉलेजात, बसथांब्यांवर, बाकांवर कुठल्याही पोरीचं नाव कोरलेलं, लिहिलेलं दिसलं की सर ओलं फडकं काढायचे. निवृत्तीनंतर तर गंगापूर रोडला एका कंपाउंडची भिंत बादली घेऊन घासताना मी त्यांना पाहिलं. येणारे-जाणारे हसत होते. मी रिक्षा थांबवली आणि म्हटलं, सर, बास करा, कंबर धरेल. ते म्हणाले, "अर्थशास्त्र, एवढं एक नाव झालं की येतो." मला हसूही आलं आणि राग तर इतका आला की घरी जाऊन मी कुणाशी बोलले नाही. हे काम त्या लिहिणाऱ्यांचं होतं, सरांचं नव्हतं.

ती मुलगी एम.ए. झाली. आता नोकरीला आहे. कुठे ते सांगत नाही.

सरांचा विषय निघाला की लोक मला एसएमएसचे किस्से सांगायला लावतात, आणि मी सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे येतं ते सीबीएसचं एसटी स्टँड, त्या शनिवारचंच. पोलिसांकडून आम्ही थेट तिथे गेलो होतो. आपण हरलो की जिंकलो ते मलाही कळत नव्हतं. सर नुसते या फलाटावरून त्या फलाटावर फेऱ्या घालत होते आणि ज्याला त्याला चांदवडची गाडी विचारत होते, गाडी समोर उभी असताना. वडील बॅग घेऊन आत चढले आणि खिडकीशी बसले. शेजारची जागा त्यांनी रिकामी ठेवली. मुलगी फलाटावरच उभी. तिला ना चढ म्हणालं कुणी, ना राहा म्हणालं.

कंडक्टर आला. खिडकीतून हिच्याकडे बघून त्याने विचारलं, "चांदवड दोन?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. कंडक्टरने पुन्हा विचारलं.

"येकच," ते म्हणाले. "ती हितंच ऱ्हानार हाय." आणि मांडीवरची बॅग उचलून त्यांनी खिडकीतून बाहेर धरली. "ही घे. कपडे हायेत तुझे."

सर धावत पुढे झाले आणि बॅग धरायला दोन्ही हात वर केले. त्यांचा चेहरा सगळा ओला होता.

"असू द्या, सर," ती म्हणाली, आणि बॅग तिनेच घेतली.